उझावा हिरोफुमी: रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांचा अर्थशास्त्रज्ञ

कंदील (धागालेखक)

पदव्युत्तर वर्गात आर्थिक वाढीचा सिद्धांत शिकताना उझावा हे नाव मला प्रथम भेटले ते एका प्रमेयाला चिकटलेले. प्रमेय फळ्यावर सिद्ध झाले, परीक्षेत उतरवले गेले, पण ते मांडणारा माणूस कोण होता हे वर्गात कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी विमानतळाच्या वादात अडकलेल्या शेतकऱ्यांबद्दल वाचताना हेच नाव पुन्हा समोर आले. हा दुसराच कोणी उझावा असेल असे मी काही काळ धरून चाललो होतो. माणूस एकच होता हे कळल्यापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. मराठीत त्यांच्यावर फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

उझावा हिरोफुमी यांचा जन्म २१ जुलै १९२८ रोजी जपानच्या पश्चिमेकडील तोत्तोरी प्रांतातल्या योनागो या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब तोक्योला आले. युद्ध संपले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. तोक्यो विद्यापीठात त्यांनी गणित घेतले आणि १९५१ मध्ये पदवी मिळवली. गणितात त्यांचे भवितव्य उज्ज्वल मानले जात होते, परंतु उद्ध्वस्त झालेल्या देशात भुकेची आणि बेघर माणसे रोज डोळ्यांसमोर असताना आपण निव्वळ गणितात रमावे हे त्यांना पटेना. त्याच काळात कावाकामी हाजिमे या अर्थशास्त्रज्ञाने १९१६-१७ च्या सुमारास दारिद्र्याविषयी लिहिलेले एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी अर्थशास्त्राकडे वळायचे ठरवले. समाजाच्या दुखण्यावर उपाय शोधण्याची विद्या, अशा समजुतीने ते या विषयात आले, ही गोष्ट पुढचे सगळे समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तोक्योत बसून लिहिलेला एक निबंध त्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांना पाठवला. अॅरो यांनी तो वाचून त्यांना अमेरिकेत बोलावून घेतले आणि १९५६ मध्ये उझावा स्टॅनफर्डला गेले. पुढची बारा वर्षे त्यांच्या नावलौकिकाची होती. अॅरो आणि हुर्विच यांच्याबरोबर रेषीय व अरेषीय नियोजनावर (ठरलेल्या मर्यादांच्या आत सर्वोत्तम उत्तर शोधण्याच्या गणितावर) त्यांनी केलेले काम १९५८ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि त्यातली गणिती रीत आजही अभियंते 'उझावा पद्धत' या नावाने वापरतात. १९६१ च्या आसपास त्यांचे द्विक्षेत्रीय वाढीचे प्रतिमान आले. १९६४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली संशोधन करण्यासाठी इतर विद्यापीठांतून तरुण मुले शिकागोला आली होती आणि त्यांत जोसेफ स्टिग्लिट्झ व जॉर्ज अॅकरलॉफ होते. या दोघांना २००१ मध्ये नोबेल मिळाले.

आणि १९६८ मध्ये हा माणूस शिकागोची खुर्ची सोडून तोक्यो विद्यापीठात परतला, तेही आधी खालच्या पदावर. व्हिएतनाम युद्धाने त्यांना अमेरिकेत राहणे असह्य झाले होते. शिवाय मिल्टन फ्रीडमन यांच्या शिकागोत राहून बाजारावरच्या अढळ विश्वासाशी त्यांचे जमणे अवघडच होते.

१९५६ आणि १९६८ या दोन सालांकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. १९५६ च्या मे महिन्यात क्यूशू बेटावरच्या मिनामाता या गावी एका अनाकलनीय मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यात सेंद्रिय पारा होता, तो माशांत साठत होता आणि मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत माणसांचे हातपाय थरथरू लागले होते, वाचा जात होती, आईच्या पोटातच बाधा झालेली मुले जन्माला येत होती. या आजाराला कारखान्याचे सांडपाणी कारणीभूत आहे हे जपानी सरकारने अधिकृतपणे मान्य केले सप्टेंबर १९६८ मध्ये. म्हणजे उझावा यांनी देश सोडला त्या वर्षी रोगाची नोंद झाली आणि ते परतले त्या वर्षी कारण मान्य झाले. मधल्या बारा वर्षांत जपानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा आलेख जगाला थक्क करीत वर चढत होता, आणि त्या बारा वर्षांत उझावा नेमके वाढीचेच गणित करीत होते. परतल्यावर ते मिनामाताला गेले आणि तिथले रुग्ण पाहिले. आपल्या समीकरणांत या खाडीला जागाच नाही, ही टोचणी त्यांना मग आयुष्यभर पुरली.

परतल्यानंतरचा दुसरा धक्का तोक्योच्या रस्त्यावरचा होता. तो त्यांनी 'मोटारीचा सामाजिक खर्च' या १९७४ सालच्या छोट्या पुस्तकात मांडला आहे. दहाहून अधिक वर्षांनी मायदेशी आलेला माणूस साध्या गल्लीतून चालतो आहे, पदपथ नाही, आणि मोटारी अंगाला घासतील इतक्या जवळून वेगाने जात आहेत. १९७० या एका वर्षात जपानमध्ये रस्ते अपघातांत १६,७६५ माणसे मेली. त्या काळी याला 'वाहतूक युद्ध' म्हणत असत. यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी पादचारी पूल उभारले जात होते आणि उझावा यांना सर्वांत अधिक चीड होती ती या पुलांची. गाडीला थांबावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे, गरोदर बाई, पाठीवर दप्तर घेतलेले पोर यांनी उंच जिना चढायचा आणि पलीकडे उतरायचा. रस्ता नेमका कोणाचा, याचा निकालच त्या पायऱ्यांनी देऊन टाकलेला होता.

पुस्तकातला मुख्य मुद्दा मात्र हिशोबाचा आहे आणि तो मी सविस्तर सांगतो, कारण उझावा यांचे वेगळेपण मला तिथेच दिसते. एक मोटार समाजावर वर्षाला किती खर्च लादते, याचे आकडे आधीच काढले गेले होते. परिवहन मंत्रालयाचा आकडा होता ७० हजार येन, मोटार उत्पादक संघटनेचा ६,६२२ येन, आणि नोमुरा संशोधन संस्थेचा १,७८,९६० येन. या हिशोबांत अपघातात मेलेल्या माणसाची किंमत त्याच्या बुडालेल्या कमाईवरून धरण्याची रीत होती. ती रीत मान्य केली तर म्हातारा मेला किंवा कमाई नसलेली गृहिणी मेली तर समाजाचे फारसे नुकसान झाले नाही असे म्हणावे लागते, आणि गरिबांच्या वस्तीतून गाड्या नेणे 'स्वस्त' ठरते. उझावा म्हणाले, हा हिशोब सुरुवातीलाच चुकला आहे. निर्धास्तपणे चालणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या हक्काला धक्का न लावता मोटारी चालवायच्या असतील तर रस्ते कसे असावे लागतील आणि ते तसे करायला किती खर्च येईल, एवढेच मोजायचे.

मग त्यांनी तोक्यो घेतले. सुमारे २० हजार किलोमीटर रस्ते. दोन्ही बाजूंना चार-चार मीटर, म्हणजे एकूण आठ मीटर रुंदी वाढवायची, तिथे पदपथ आणि झाडे. क्षेत्रफळ झाले १६ कोटी चौरस मीटर. चौरस मीटरला दीड लाख येन धरले तर एकूण २४ लाख कोटी येन. शहरात मोटारी २० लाख. म्हणजे दर मोटारीमागे १ कोटी २० लाख येनांची गुंतवणूक. त्यावरून त्यांनी वर्षाचा आकडा काढला सुमारे २० लाख येन, जो त्या वेळच्या साध्या मोटारीच्या किमतीपेक्षाही कितीतरी मोठा होता.

हा आकडा पाहून पुष्कळांनी उझावा आता अर्थशास्त्रज्ञ राहिले नाहीत, चळवळे झाले, असे म्हटले. मला ते मान्य नाही. गणित तसेच काटेकोर आहे. बदलली आहे ती मोजणीची सुरुवात. झालेल्या नुकसानीपासून मागे मोजत जायचे की माणसाच्या हक्कापासून पुढे, हा प्रश्न त्यांनी विद्येच्या मुळाशी नेऊन ठेवला, आणि पुढची चाळीस वर्षे त्यांनी केले ते सारे याच प्रश्नाचा विस्तार आहे.

त्या विस्ताराला त्यांनी 'सामाजिक सामायिक भांडवल' असे नाव दिले. त्यात तीन प्रकारच्या गोष्टी येतात: हवा, जंगल, नद्या, समुद्र, माती हे निसर्गाचे दान, रस्ते, पाणी, वीज यांसारख्या पायाभूत सोयी, आणि शिक्षण, वैद्यक, न्याय, पतव्यवस्था यांसारख्या संस्था. माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी या गोष्टी लागतात. म्हणून त्या बाजाराच्या नफातोट्यावर सोडायच्या नाहीत आणि सरकारी बाबूंच्या हुकुमावरही चालवायच्या नाहीत. त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी समाजाच्या वतीने विश्वस्त म्हणून, आपल्या व्यवसायाच्या नीतिनियमांना धरून त्या सांभाळायच्या. यात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेन यांचा संस्थात्मक विचार आणि अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा उदारमतवाद मिसळलेला आहे आणि उझावा ते ऋण मोकळेपणाने मान्य करतात. २००० साली याच नावाचे त्यांचे छोटेखानी पुस्तक निघाले आणि जपानमध्ये ते आजही वाचले जाते.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी तोक्योत त्यांचे निधन झाले. त्याआधी १९८३ मध्ये त्यांना जपान सरकारचा 'सांस्कृतिक गुणिजन' हा सन्मान मिळाला होता. त्या वेळी राजवाड्यात सम्राटांपुढे त्यांनी घाबरत-अडखळत आपले आर्थिक विचार मांडायला सुरुवात केली, तेव्हा सम्राट मध्येच म्हणाले, तुम्ही अर्थव्यवस्था, अर्थव्यवस्था म्हणता आहात, पण तुम्हाला म्हणायचे आहे ते एवढेच ना, की माणसाचे मन महत्त्वाचे आहे? हा प्रसंग उझावा यांनी स्वतःच सांगितलेला आहे. अर्थशास्त्रात मन आणायचे नाही असाच तोवरचा दंडक होता, आणि त्या वाक्याने आपण खडबडून जागे झालो असे ते म्हणत.

जाणकारांनी भर घालावी आणि जिथे माझे चुकत असेल तिथे निःसंकोच सांगावे.

---

समीकरण

लेख फार मनापासून लिहिला आहे. गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण १९६८ पूर्वीचे उझावा आणि नंतरचे उझावा अशी सरळ फाळणी मलाही पटत नाही.

द्विक्षेत्रीय प्रतिमान साध्या भाषेत असे आहे. एका क्षेत्रात उपभोगाच्या वस्तू तयार होतात, दुसऱ्यात यंत्रे. मजूर आपली सगळी मजुरी खर्च करतात आणि भांडवलदार सगळा नफा गुंतवतात असे धरा. ही अर्थव्यवस्था आपोआप समतोलाकडे जाईल का? उझावा यांचे उत्तर असे की, उपभोगाच्या वस्तूंच्या क्षेत्रात दर मजुरामागे भांडवल जास्त लागत असेल तर जाईल. उलट असेल तर हमी देता येत नाही. म्हणजे बाजार स्वतःला सावरतो हे गृहीत न धरता, तो कोणत्या अटींवर सावरतो हे त्यांनी तेव्हाच तपासले होते. अट नेमकी सांगणारा माणूस ती अट पुरी होत नाही तिथले वास्तवही पाहू शकतो.

धाग्यात उल्लेखलेले प्रमेय १९६१ चे. वाढीचा दर दीर्घकाळ स्थिर राहायचा असेल तर तांत्रिक प्रगती अशाच स्वरूपाची असावी लागते की जणू मजुरांचीच संख्या किंवा क्षमता वाढत आहे, असे ते सांगते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा निबंध. त्यात काही माणसे उत्पादनात आणि काही शिक्षणात गुंतलेली आहेत, आणि शिक्षणातली माणसे पुढच्या काळातल्या श्रमाची कार्यक्षमता वाढवतात. पुढे १९८८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी हा धागा उचलला आणि आज पाठ्यपुस्तकांत ते 'उझावा-लुकास प्रतिमान' म्हणून शिकवले जाते. शिक्षण ही सामायिक ठेव आहे हा विचार २००० च्या पुस्तकात अचानक आलेला नाही. तो १९६५ च्या समीकरणांत आहे, फक्त तिथे त्याला कार्यक्षमतेचे नाव आहे.

---

हिशेबनीस

लेखाचे कौतुक आहेच, पण २० लाख येनांच्या आकड्यावर माझा आक्षेप आहे आणि तो नोंदवणे मला गरजेचे वाटते.

सामाजिक खर्च म्हणजे एक जादा मोटार रस्त्यावर आली तर इतरांचे जे नुकसान होते ते. उझावा यांनी मोजले आहे ते आदर्श शहर बांधण्याचे अंदाजपत्रक. पदपथाचा, झाडांचा लाभ सगळ्यांना मिळेल, मग त्याचा सगळा भार मोटारवाल्यांवर का? शिवाय तोक्योत जमीन महाग म्हणून आकडा मोठा. तीच मोटार एखाद्या रिकाम्या प्रांतात गेली तर आकडा किती तरी खाली येईल. म्हणजे हा आकडा मोटारीबद्दल कमी आणि तोक्योच्या जमिनीबद्दल जास्त सांगतो. आणि रुंदीकरणासाठी ज्यांची घरे जातील त्यांच्या हक्कांचे काय?

---

कंदील

हिशेबनीस, तुमचा आक्षेप योग्य जागी आहे आणि तो त्या काळीही घेतला गेला होता. माझे उत्तर दोन भागांत.

जमिनीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे, परंतु उझावा यांना तो दोष वाटला नसता. जिथे माणसे दाटीने राहतात तिथे मोटार महाग पडायलाच हवी, असेच त्यांचे म्हणणे आहे. दुसरे असे की ते मोटारवाल्यांकडून झाडांचे पैसे मागत नव्हते. मोटारी येण्यापूर्वी त्याच गल्लीत मुले खेळत होती, शेजारणी उभ्या राहून बोलत होत्या, म्हातारे मध्यभागातून चालत होते. ते सारे मोटारीने फुकटात काढून घेतले. चार मीटरची पट्टी ही त्याची परतफेड आहे.

रुंदीकरणात जाणाऱ्या घरांचा मुद्दा मात्र मला अडवतो. मला वाटते, त्यांना २० हजार किलोमीटर रस्ते प्रत्यक्ष रुंद करायचेच नव्हते. हा खर्च परवडणारा नाही हे दिसले की मोटारींची संख्याच कमी करावी लागेल, या निष्कर्षाकडे तो हिशोब वाचकाला नेतो. तरीही पुस्तकात हे जितके स्वच्छ यायला हवे होते तितके येत नाही, हे मी मान्य करतो.

---

पूर्वेकडचा

मी सात वर्षे तोक्योत राहतो आहे. माझ्या घरासमोरची गल्ली साधारण चार मीटर रुंद आहे. पदपथ नाही, डांबरावर पांढऱ्या रंगाची एक रेघ आणि तिच्या आत हातभर जागा, तीही विजेच्या खांबांनी जागोजागी अडवलेली. खांब आला की रेघेबाहेर पाऊल टाकावे लागते, आणि तेवढ्यात मागून गाडी येत नाही ना हे पाहायला मान वळवावी लागते. सकाळी पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची मुले त्या रेघेच्या आतून एकामागे एक अशी ओळीने जातात. चालक सभ्य आहेत, वेग कमी असतो, अपघाती मृत्यू १९७० च्या मानाने पुष्कळच खाली आले आहेत. पण मुलांना रेघेच्या आत राहायला शिकवून आणि चालकांना सावध करून ते खाली आले, मुलांना जागा देऊन नव्हे. हा धागा वाचेपर्यंत त्या रेघेकडे मी या नजरेने पाहिले नव्हते.

मोठ्या रस्त्यावर आमच्याकडे एक जुना पादचारी पूल आहे. मी दर वेळी पलीकडच्या चौकापर्यंत चालत जाऊन सिग्नलवर रस्ता ओलांडतो. शेजारच्या आजीही तेच करतात, हातातली पिशव्यांची ढकलगाडी घेऊन. पुलावर मला आजवर धावत सुटलेली मुलेच तेवढी दिसली. वापर नाही आणि बांधकाम जुने झाले म्हणून असे पूल अलीकडे काही ठिकाणी पाडलेही जात आहेत.

---

पांझराकाठ

सामायिक भांडवल जाणकारांनी विश्वस्त म्हणून सांभाळायचे, हे वाचून मला आमच्या धुळे भागातली फड पद्धत आठवली. फड म्हणजे पाटाच्या पाण्याखालच्या शेतजमिनीचा एक मोठा गट. पांझरेवरच्या बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला कधी द्यायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवीत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना मोबदला धान्यात. खात्याचा अधिकारी नाही आणि पाण्याचा बाजारही नाही. उझावा यांनी पाण्याच्या अशा व्यवस्थांवर काही लिहिले आहे का?

---

कंदील

होय, आणि बरेच. सिंचनाची सामायिक व्यवस्था हे त्यांचे आवडते उदाहरण होते. शिकोकू बेटावरचे मान्नो तळे फुटले होते, ते नवव्या शतकात भिक्षू कूकाई यांनी लोकांना हाताशी धरून पुन्हा बांधले, आणि ते आजही शेतीला पाणी देते.

१९६८ मध्ये अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी सामायिक मालमत्तेची शोकांतिका मांडली. कुरण सगळ्यांचे असले की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण संपते, हा तो युक्तिवाद. उझावा यांचा त्यावरचा आक्षेप तुमच्या उदाहरणाला तंतोतंत लागू पडतो. हार्डिन यांचे कुरण हे ज्याला कोणतेही नियम नाहीत असे कुरण आहे. खऱ्या गावातल्या सामायिक मालमत्तेला नियम असतात, राखणदार असतात आणि नियम मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायचे असते. जपानमध्ये गावजंगलांच्या अशा हक्कांना 'इरिआई' म्हणतात. तुमचा जागल्या हार्डिन यांच्या चित्रात कुठेच नाही.

---

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे वैद्यकाविषयीच्या त्यांच्या भूमिकेबद्दल लिहिते. वैद्यकाला अर्थकारणाच्या मापात बसवू नये, अर्थकारणाने वैद्यकाच्या मापात बसावे, असे उझावा सांगत. रुग्णाला काय लागते हे आधी वैद्यकीय ज्ञानाने ठरावे आणि मग त्यासाठी पैसा कसा उभा करायचा हे समाजाने ठरवावे, असा तो क्रम आहे. मी पूर्वी एका रुग्णालयात होते, तिथे महिन्याच्या शेवटी प्रत्येक डॉक्टरपुढे किती तपासण्या लिहून दिल्या याचा तक्ता ठेवला जाई. कोणी काही बोलत नसे, तक्ता फक्त टेबलावर असे. त्या काळात माझ्या हातून काही तपासण्या अशा लिहिल्या गेल्या ज्या आज मी लिहिणार नाही. म्हणून उझावा यांचे म्हणणे मला आतून पटते.

परंतु एक प्रश्न आहेच. सगळे जाणकारांच्या हाती द्यायचे तर जाणकारांवर लक्ष कोणी ठेवायचे? आमच्या व्यवसायात एकमेकांना सांभाळून घेण्याची वृत्ती किती खोल आहे हे मी पाहिले आहे. मिनामातातही कारखान्याची बाजू घेणारे तज्ज्ञ होतेच ना?

---

कंदील

होते. पारा हे कारण नाही असे सांगणारे विद्वान प्राध्यापक होते, आणि कारखान्याच्या स्वतःच्या रुग्णालयात हे सांडपाणी मांजरांना खाऊ घालून झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष दाबून ठेवला गेला. दुसरीकडे, त्याच व्यवसायातले हाराडा मासाझुमी यांच्यासारखे डॉक्टर घरोघर जाऊन रुग्ण तपासत राहिले आणि वारेतून विष गर्भापर्यंत पोचते हे त्यांनी दाखवून दिले. उझावा यांनी हाराडा यांच्या कामातून पुष्कळ घेतले. त्यांच्या डोळ्यांपुढचा 'जाणकार' हा हाराडा यांच्यासारखा होता. पण तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. व्यावसायिकांनी एकमेकांची परीक्षा करावी आणि समाजाला हिशोब द्यावा एवढे ते म्हणतात. हिशोब दिला नाही तर पुढे काय, याचे उत्तर त्यांच्या लेखनात मला पुरेसे सापडलेले नाही. त्यांच्या विचारातली ही सर्वांत कच्ची जागा आहे असे माझे मत आहे.

---

समीकरण

कार्बन कराविषयीही लिहायला हवे, कारण तिथे त्यांची रीत आपल्या देशाशी थेट संबंधित आहे. हवामानबदलावर उपाय म्हणून जगभर एकाच दराने कार्बन कर लावावा असे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ म्हणत. १९९० च्या सुमारास उझावा यांनी असे मांडले की कराचा दर त्या त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या प्रमाणात असावा. उदाहरणासाठी, दरडोई उत्पन्नाचा एक टक्का हा दर धरा. तीस हजार डॉलर उत्पन्नाच्या देशात कार्बनच्या टनामागे तीनशे डॉलर कर बसेल, पाचशे डॉलर उत्पन्नाच्या देशात पाच डॉलर. एकच दर लावला तर श्रीमंत देशाला तो जाणवणारही नाही आणि गरीब देशाची चूल विझेल. जमा झालेल्या रकमेतला काही भाग एका आंतरराष्ट्रीय निधीत घालून गरीब देशांना जंगले राखायला आणि शेती टिकवायला द्यावा, हा त्याचा दुसरा भाग. २००९ मध्ये त्यांना पर्यावरणविषयक कामासाठी दिला जाणारा ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः सामायिक भांडवलाच्या या विचारासाठी.

---

शेवंती

सुरुवातीला विमानतळाचा उल्लेख आला आणि मग राहूनच गेला. तिथे नेमके काय झाले ते सांगाल का?

---

कंदील

सांगतो, ते लिहायचेच होते.

१९६६ मध्ये सरकारने तोक्योच्या पूर्वेला चिबा प्रांतात सानरिझुका इथे नवा विमानतळ बांधायचे ठरवले, ज्यांची जमीन जाणार त्यांना न विचारता. त्यांतली पुष्कळ कुटुंबे युद्धानंतर तिथे वसवलेली, हाताने माळरान फोडून शेती उभी केलेली अशी होती. सक्तीचे भूसंपादन झाले, शेतकऱ्यांनी स्वतःला झाडांना बांधून घेतले, जमिनीखाली भुयारे खणली, दोन्ही बाजूंची माणसे मेली. मे १९७८ मध्ये नारिता विमानतळ एका धावपट्टीवर सुरू झाला आणि पुढचे काम अडूनच राहिले.

१९९१ मध्ये सुमिया मिकिओ यांच्या नेतृत्वाखाली पाच अभ्यासकांच्या मध्यस्थीने सरकार आणि शेतकरी प्रथमच एका टेबलाशी बसले. त्या पाचांत उझावा होते. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि त्यांची लांब पांढरी दाढी सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. नोव्हेंबर १९९१ ते मे १९९३ या काळात पंधरा उघड बैठका झाल्या. सरकारने एकतर्फी निर्णयाची चूक कबूल केली आणि उरलेली जमीन सक्तीने घेणार नाही असे मान्य केले. त्यानंतर १९९४ पर्यंत गोलमेज बैठका चालल्या आणि पुढची धावपट्टी चर्चेतूनच होईल असे ठरले.

उझावा यांना मात्र एवढ्यावर थांबायचे नव्हते. एकटे कुटुंब शेतीवर टिकत नाही आणि शेती करणारे गाव ही स्वतःच एक सामायिक ठेव आहे, असे मानून त्यांनी सानरिझुकाच्या शेतकऱ्यांसाठी 'नोशा' नावाच्या एका संस्थेची कल्पना मांडली. जमीन संस्थेच्या विश्वस्ततेत, पेरणीपासून प्रक्रिया आणि विक्रीपर्यंत सगळे शेतकऱ्यांच्या हाती, बाहेरून शेती शिकायला येणाऱ्या तरुणांना जागा. त्यांनी तिचे नियमही तपशीलवार लिहून काढले होते. ती संस्था प्रत्यक्षात उभी राहिली नाही. जमीन न सोडलेल्या काही कुटुंबांची शेते आजही विमानतळाच्या आवारात, धावपट्ट्यांच्या मधोमध आहेत.